भुताला हयातीचा दाखला: विनोदी फॅंटसी कादंबरीचा पहिला ड्राफ्ट ऑनलाइन कसा दाखवायचा

चौदा महिने खपून मी एक कादंबरी लिहिली. मुंबई-गोवा हायवेच्या चौपदरीकरणात कुडाळजवळचा एक पिंपळ तोडला जातो, त्यावर राहणारा मुंजा बेघर होतो आणि प्रकल्पग्रस्त म्हणून नुकसानभरपाई मागायला प्रांत ऑफिसात जातो. बरोबर एक हडळ, एक गिऱ्हा (पाण्यातलं भूत) आणि एक वाट चुकवणारा चकवा. चकव्याचा धंदा गूगल मॅप्समुळे बसलाय, म्हणजे लोक रस्ता अजूनही चुकतात, पण त्याचं क्रेडिट आता चकव्याला मिळत नाही. साधारण ६२ हजार शब्द झाले, शेवटचं वाक्य लिहिलं, आणि त्याच रात्री उत्साहाच्या भरात लिंक अकरा जणांना पाठवली, खाली लिहिलं "वाचून सांगा कशी वाटली".

नऊ जण म्हणाले "मस्त". एकाने लिहिलं "पुलेशु", म्हणजे पुढील लेखनास शुभेच्छा. आणि मामांनी अख्खी वाचली, दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलं, "नोकरी व्यवस्थित चालू आहे ना गं?"

म्हणजे फीडबॅक शून्य. चूक त्यांची नव्हती, प्रश्नाची होती. "कशी वाटली" विचारलं की माणूस तुमच्याशी असलेलं नातं सांभाळतो, पुस्तकाबद्दल बोलत नाही. विनोदी लिखाणात तर मत वगैरे नकोच असतं, नुसती जागा हवी असते: कुठे हसलात, कुठे फोन खाली ठेवलात, कुठे काही कळलं नाही. हे कळायला मला एक पूर्ण फेरी वाया घालवावी लागली. दुसऱ्या फेरीत जे केलं ते क्रमाने सांगते. तुमचा ड्राफ्ट भुतांचा असो, राक्षसांचा असो की जादूच्या पोळपाटाचा, काम साधारण तेच आहे.

आधी संपवा, मग दाखवा

लिहिता लिहिताच भाग टाकायचा मोह फार होतो, कारण पहिल्या भागाला दहा कमेंट आल्या की झिंग चढते. मी ह्याच्या आधी एका गोष्टीचं तसं केलं होतं, चार भाग हातात असताना सुरुवात केली, नवव्या भागाला विहीर आटली, आणि खाली "क्रमशः" लिहिलेलं आठ महिने तसंच लटकत राहिलं. एक गृहस्थ दर रविवारी न चुकता "पुभाप्र" लिहायचे. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. शेवटी शेवटी ते मला वसुली एजंटासारखे वाटायला लागले.

पण लाजेपेक्षा मोठा तोटा दुसराच. अर्धवट ड्राफ्ट दाखवला की वाचक पुढे काय व्हावं हे सांगायला लागतात, कमेंटीत ज्याला सगळ्यात जास्त हशा मिळाला त्या पात्राला तुम्ही नकळत जास्त जागा द्यायला लागता, आणि गोष्ट हातातून जाते. त्या अर्धवट गोष्टीतलं माझं एक पात्र असंच माजलं होतं. म्हणून शेवटपर्यंत पोचा, कितीही वाकडं असलं तरी. मग तीन आठवडे फाइल उघडू नका. नंतर एकदा वाचा, पण नुसतं वाचू नका, फोनला वाचायला लावा. अँड्रॉइडच्या टेक्स्ट-टू-स्पीचमधे मराठी आहे, ती बाई आपल्या सगळ्यात लाडक्या पंचलाइनी रेल्वेच्या अनाउन्समेंटसारख्या वाचते, आणि त्या सपाट आवाजात सुद्धा जी ओळ हसवते ती खरी. जिथे तुम्हालाच कंटाळा येऊन फास्ट फॉरवर्ड करावंसं वाटतं तिथे वाचकाला काय होईल सांगायची गरज नाही.

शुद्धलेखनावर आत्ता जीव काढू नका, अर्धी प्रकरणं पुढे कापली जाणार आहेत. एक गोष्ट मात्र आत्ताच करा: पात्रांची नावं सगळीकडे सारखी आहेत का बघा. हे वाटतं तितकं सोपं नाही. माझ्या गिऱ्ह्याचं नाव मी मधेच बदलून "गिरोबा" केलं, फाइंड-रिप्लेस मारलं, निश्चिंत झाले. एका वाचकाने विचारलं, "गिऱ्हा आणि गिरोबा भाऊ आहेत का?" बघते तर चाळीसेक ठिकाणी जुनं नाव तसंच. कारण अर्धा ड्राफ्ट मी लॅपटॉपवर आणि अर्धा फोनवर टाइप केलेला, आणि हा जो आडवा अर्धा र आहे तो युनिकोडमधे दोन पद्धतींनी उमटतो, एकदा "ऱ" ला हलंत लावून आणि एकदा साध्या "र" ला हलंत आणि न दिसणारा जोडक लावून. डोळ्याला दोन्ही सारखेच, कॉम्प्युटरला दोन वेगळे शब्द. "ॲ"चं पण तेच, एक अखंड अक्षर आणि एक "अ"वर चंद्र ठेवलेला. उपाय गावठी आहे: जो शब्द हट्ट करतोय तो ड्राफ्टमधूनच कॉपी करायचा आणि शोधायच्या चौकटीत पेस्ट करायचा, परत टाइप करायचा नाही. आणि फाइल श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमधे असेल तर पाठवायच्या आधी युनिकोडमधे कन्व्हर्ट करा, नाहीतर समोरच्याला इंग्रजी अक्षरांची भेळ दिसेल.

कोणाला दाखवायचं

सहा माणसं पुरेत. खरंच. पण निवडून.

घरचे नकोत, मामांचं वर सांगितलंच. स्वतः लिहिणारे एक किंवा दोनच, कारण लेखक दुसऱ्याचं वाचताना मनातल्या मनात स्वतःचं लिहीत असतात आणि तुम्हाला त्यांच्या कादंबरीचा फीडबॅक मिळतो. फॅंटसी भरपूर वाचणारा एक हवा, तो नियम पकडतो. फॅंटसीला तोंडही न लावणारा एक हवा, तो तुम्ही कुठे गृहीत धरलंय ते पकडतो. माझ्या नागपूरच्या मैत्रिणीला गिऱ्हा म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. आमच्याकडे शेंबड्या पोराला माहीत असतं की गिऱ्हा पाण्यात असतो आणि मुंज झालेला मुलगा लग्नाआधी गेला की मुंजा होतो. तिच्यासाठी हे सगळं परग्रहावरचं. त्याच्यासाठी मी शब्दार्थांची यादी जोडायला निघाले होते, तिने सांगितलं यादी नको, पहिल्यांदा येईल तेव्हा त्याला ओला दाखव, बस. आता माझा गिऱ्हा जिथे बसतो ती खुर्ची भिजते, आणि क्लार्क दर वेळी छताकडे बघतो. अर्थ पण कळला आणि एक गंमत फुकट मिळाली.

बोलीभाषा वापरली असेल तर त्या मुलखातला एक वाचक हवाच हवा. मी मालवणी संवादात "कुठं जातंस" लिहिलं होतं, त्यावर कुडाळच्या काकांचा निरोप आला, "आमच्याकडे 'खंय' म्हणतत, तुमचो मुंजा पुण्यात शिकलो काय?" (हे शेवटी मी पुस्तकातच घेतलं, त्यांना विचारून. मुंजा आता खरंच दोन वर्षं पुण्याला राहून आलेला आहे आणि बाकीची भुतं त्याला त्यावरून पिडतात.) आणि तुमच्या गोष्टीत एखादं ऑफिस, धंदा, खातं असेल तर त्यातला एक माणूस. ह्याचं पुढे सांगते.

आणि एक, जे मला कोणी आधी सांगितलं नाही: सगळे चांगले वाचक पहिल्या फेरीतच खर्च करू नका. जोक एकदा ऐकला की संपला. ज्याने पहिला ड्राफ्ट वाचलाय त्याला दुसऱ्या ड्राफ्टमधला तोच जोक सुधारून दाखवला तरी तो हसणार नाही, आणि तुम्हाला वाटेल बिघडला. बारा नावं काढा, सहा आत्ता, सहा झाकून ठेवा.

कसं पाठवायचं

पहिली फेरी बंद दाराआड. मी गूगल डॉक्स वापरलं, फुकट आहे आणि सगळ्यांकडे असतं. शेअर करताना परवानगी कमेंटरची द्यायची, एडिटरची नाही, नाहीतर कोणीतरी प्रेमाने तुमचे ऱ्हस्वदीर्घ सुधारून ठेवतं आणि पाचव्या प्रकरणाचा शेवट पुसून टाकतं. "लिंक असलेला कोणीही" हा पर्याय सोपा, पण मग कोण वाचतंय ते कळत नाही, वर कोपऱ्यात नुसते अनामिक प्राणी दिसतात, अनामिक कांगारू, अनामिक कासव. भुतांच्या कादंबरीला शोभतं, पण कासवाने कमेंट टाकली तर परत विचारायचं कोणाला? त्यामुळे नावानिशी ईमेलवर द्या. सेटिंगमधे डाउनलोड, प्रिंट, कॉपी बंद करायची सोय आहे, ती करा, पण स्क्रीनशॉट कोणी थांबवू शकत नाही हे लक्षात ठेवून.

आता महत्त्वाचं. सहा जणांना एकच डॉक्युमेंट देऊ नका, प्रत्येकाला वेगळी कॉपी करून द्या. एका ठिकाणी पहिल्याने "हाहाहा" लिहिलं की पुढचे तिथे हसतातच, आणि जिथे कोणी काही लिहिलेलं नाही तिथे कोणाची एकट्याने हसायची हिंमत होत नाही. नाटकाच्या थेटरात हे चालतं, तिथे तेच हवं असतं, पण आपल्याला इथे एकटा माणूस रात्री अंथरुणात फोन हातात धरून काय करतो ते हवंय.

फोनवर डॉक्समधे कमेंट टाकणं हा छळ आहे, बोटाने शब्द धरा, सोडा, परत धरा. म्हणून प्रत्येक पॅराला नंबर घातला मी, म्हणजे माणूस व्हॉट्सॲपवर "भाग ४, १२" एवढं लिहून मोकळा. ज्येष्ठ मंडळींना व्हॉइस नोट पाठवायला सांगितलं आणि तो सोन्याचा धडा निघाला, कारण आवाजात खोटं हसता येत नाही. काका "चांगला आहे हो" म्हणताना मागे टीव्हीवर बातम्या चालू होत्या, म्हणजे बातम्या लावण्याइतका तो भाग कंटाळवाणा होता.

पीडीएफ पाठवणार असाल तर पान ए-फाइव्ह आकाराचं ठेवा आणि अक्षर मोठं, सोळा-अठरा पॉइंट, म्हणजे फोनवर चिमटे काढत वाचावं लागत नाही. प्रत्येक पानाच्या तळाला तुमचं नाव, तारीख आणि "कच्चा खर्डा, फॉरवर्ड करू नये". व्हॉट्सॲप मेसेजमधे मजकूर पेस्ट करून कधीही पाठवू नका. चार दिवसांत नाव गळतं, आठव्या दिवशी तोच मजकूर तुमच्याच फॅमिली ग्रुपवर "एका अनामिक लेखकाची अप्रतिम रचना" म्हणून परत येतो.

सगळं एकदम देऊ नका, ६२ हजार शब्द बघून माणूस "निवांत वाचतो" म्हणतो आणि ते निवांत कधीच येत नाही. हजार ते दीड हजार शब्दांचा भाग, आठवड्यात दोन, ठरलेल्या वारी. वर दोन ओळीत मागे काय झालं ते. फॅंटसीत नावं विचित्र असतात, तीन-चार दिवसांच्या गॅपनंतर हडळ कोण आणि जखीण कोण हे वाचक विसरतो, त्यात त्याचा दोष नाही.

तीन खुणा

लांबलचक प्रश्नावली कोणी भरत नाही. मी फक्त तीन खुणा मागितल्या. जिथे खरंच हसू आलं तिथे "ह". जिथे कंटाळा आला किंवा वाचता वाचता दुसऱ्या ॲपवर गेलात तिथे "क". जिथे कळलं नाही तिथे प्रश्नचिन्ह. गालातल्या गालात हसलात तर ते "ह" नाही, आवाज यायला हवा, हा नियम मी कडक ठेवला. कारणं लिहू नका असं पण सांगितलं. हे ऐकून लोक इतके खूश झाले, कारण मत द्यायचं टेन्शनच गेलं.

मग मी एक शंभर पानी वही घेतली, डावीकडे पॅरा नंबर, पुढे सहा रकाने. दोन भाग झाल्यावरच पोटात गोळा आला. ज्या पॅरावर मी तीन दिवस घालवले होते, श्लेषावर श्लेष, अनुप्रास, सगळा दागदागिना, त्याला सहात मिळून एक "ह" आणि तीन "क". आणि हे बघा, प्रांत ऑफिसातला प्रसंग, पहिल्या ड्राफ्टमधला जसाच्या तसा:

क्लार्कने चष्मा कपाळावर सरकवला. "आधार?"

"निराधार."

"रेशनकार्ड?"

"जेवत नाही."

"मग जगता कशावर?"

"जगत नाही. पिंपळावर राहतो. राहत होतो. तोच तुम्ही तोडलात."

"बरं. हयातीचा दाखला जोडा आणि मंगळवारी या."

हे ऐकून मुंजाला मोठाच धक्का बसला, कारण तो तर दीडशे वर्षांपूर्वी मेला होता, मग हयातीचा दाखला तो कुठून आणणार!

"मंगळवारी या"ला सहापैकी पाच "ह". "निराधार"ला दोन, मला वाटलं होतं तो हुकमी एक्का आहे. शेवटच्या ओळीला एकही नाही, उलट दोन "क". ती ओळ मी घाबरून घातलेली, की लोकांना नाही कळलं तर? कळलं होतं. वाचक हसत होता आणि मी त्याचा खांदा हलवून विचारत होते, कळला ना, कळला ना. अशी "कारण तो तर" टाइपची वाक्यं मग मी पूर्ण ड्राफ्टमधे शोधली, सत्तावीस निघाली, सगळी कापली. एका खुणेने एवढं काम केलं, जे "मस्त लिहितेस" च्या शंभर कमेंटी करू शकल्या नसत्या.

आलेल्या फीडबॅकचं काय करायचं

आपल्याकडच्या ऑनलाइन कमेंटींची एक भाषा आहे ती आधी शिकून घ्या. "पुलेशु" म्हणजे ह्या लेखनाबद्दल काही बोलायचं नाहीये. "वाचतेय" म्हणजे अजून निर्णय झालेला नाही. "शैली छान आहे" म्हणजे गोष्ट नाही. "थोडं लांबलंय का?" म्हणजे फार लांबलंय, मराठी माणूस प्रश्नचिन्ह लावून बोलतो तेव्हा त्याला खात्री असते. आणि शांतता, ती तर सगळ्यात बोलकी. सहापैकी तीन जण भाग सात नंतर गप्प झाले, तर त्यांना आठवण करून देण्याआधी भाग सात परत वाचा. माझ्या भाग सातमधे भुतांच्या राज्याचा चारशे वर्षांचा इतिहास होता. अकराशे शब्द. एकही संवाद नाही. आता तो इतिहास हडळ एसटी स्टँडवर एका ओळीत सांगते.

एकाला खटकलं तर ती आवड, तिघांना एकाच जागी खटकलं तर तिथे खड्डा आहे. अपवाद प्रश्नचिन्हाचा: "कळलं नाही" हे एकाने जरी म्हटलं तरी बघायचं. आणि वाचकाने दाखवलेली जागा घ्यायची, त्याने सुचवलेला उपाय बहुतेक वेळा नाही. "इथे मुंजाचं लग्न लावा" असं एकाने लिहिलं. लग्न लावलं तर तो मुंजा कसला राहील, पण त्या जागी त्याला काहीतरी भावनिक हवं होतं एवढं बरोबर होतं.

वाद घालायचा नाही. "अहो तो उपहास होता" असं उत्तर टाइप करायला लागलात की फोन बाजूला ठेवा. उत्तर एकच, "थँक यू, बघते". ह्याचा सराव लागतो, मी दोनदा घसरले.

आता त्या खात्यातल्या माणसाचं. एका सरकारी ऑफिसात उमेदीची वर्षं काढलेल्या एका काकूंनी हयातीच्या दाखल्यावर "ह" दिला आणि खाली लिहिलं, "पण तो पेन्शनवाल्यांना लागतो, जमिनीच्या मोबदल्यात जमीनमालक मयत असेल तर वारस दाखला मागतील." मी आधी खट्टू झाले, माझा सगळ्यात भारी जोक चुकीच्या कागदावर उभा होता. मग लक्षात आलं की मुंजा अविवाहित गेला, त्याला वारसच नाही, म्हणजे फॉर्मवर मयताचे नाव आणि अर्जदाराचे नाव ह्या दोन्ही रकान्यांत एकच नाव येणार. हा जोक पहिल्यापेक्षा सरस निघाला. मग पहिला पण ठेवलाच, क्लार्क आधी चुकीचा कागद मागतो आणि महिन्याने सांगतो की तो लागतच नव्हता, हे तर अजूनच खरं वाटतं.

भावना दुखावण्याचा विषय निघणारच, भुतं-देव-राखणदार म्हटलं की. माझ्या ड्राफ्टमधे आरवलीच्या वेतोबाचा उल्लेख होता, त्याला भाविक मोठाल्या चामडी चपला वाहतात, श्रद्धा अशी की तो रात्री गावाची राखण करत फिरतो आणि चपला झिजतात. मी त्या चपलांवर दोन पानं विनोद केला होता. तिकडच्या एका वाचकाने शांतपणे लिहिलं, "मला हसू आलं, पण माझ्या आईला वाचून दाखवता येणार नाही". ते मला कुठल्याही शिवीपेक्षा जास्त लागलं. बघितलं तर विनोदाचा रोख चुकला होता. आता चपला तशाच आहेत, पण हसू येतं ते ठेकेदारावर: तो सांगतो ह्या रस्त्याला दहा वर्षं काही होणार नाही, आणि मुंजा म्हणतो, चालणाऱ्याला विचारलंत का? कायद्याचं पण माहीत असू द्या, धार्मिक भावना हेतुपुरस्सर आणि दुष्ट हेतूने दुखावण्याचं कलम भारतीय न्याय संहितेत २९९ आहे, आधी ते भारतीय दंड संहितेत (आयपीसीत) २९५-अ होतं. त्याला घाबरून लिहू नका, पण ज्याच्यावर हसताय त्याच्याकडे बळ आहे की नाही हे एकदा तपासा.

मग उघड्यावर

दुसरा ड्राफ्ट झाल्यावर, पाहिजे असेल तरच. मराठीत त्यासाठी वेबसाइटी आहेत: मायबोली १९९६ पासून आहे, मिसळपाव २००७ पासून, तिथले वाचक मुरलेले आणि तिरकस, चूक काढतील पण प्रसंगाला धरून काढतील. प्रतिलिपी २०१४ ला सुरू झालं, तिथे गर्दी मोठी आणि तरुण, भाग टाकत गेलं की लोक मागे येतात, पण तारे आणि "खूप छान" जास्त. कुठेही टाकायच्या आधी त्यांच्या अटी वाचा, मजकूर नंतर बदलता येतो का, काढता येतो का, हक्क काय राहतात.

सगळी कादंबरी उघड्यावर टाकू नका हे माझं ठाम मत आहे. बरेच दिवाळी अंक अप्रकाशित साहित्यच मागतात आणि ऑनलाइन आलेलं ते प्रकाशित धरू शकतात. किंडलवर केडीपी सिलेक्टमधे (ई-पुस्तक फक्त ॲमेझॉनकडेच ठेवायची त्यांची योजना) पुस्तक घालायचं असेल तर त्या नव्वद दिवसांत तोच डिजिटल मजकूर दुसरीकडे कुठेही, अगदी फुकट सुद्धा, असून चालत नाही, नमुना म्हणून दहा टक्क्यांपर्यंत चालतो. म्हणून पहिली पाच प्रकरणं टाका, बाकीची बंद लिंकवर, मागेल त्याला.

चोरीची भीती सगळ्यांना असते. कॉपीराइट लिहिल्या क्षणापासून तुमचाच असतो, १९५७ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी सक्तीची नाही, आणि तो लेखकाच्या हयातीनंतर साठ वर्षं टिकतो (मुंजाचं काय धरायचं हा प्रश्न मी काकूंना विचारला होता, त्यांनी "क" पाठवला). नोंदणी करायची असेल तर साहित्यकृतीला ५०० रुपये फी आहे. स्वतःलाच पोस्टाने पाकीट पाठवून सील न फोडता ठेवायचा जो सल्ला फिरतो त्याला कायद्यात वेगळं असं काही स्थान नाही, त्यापेक्षा डॉक्सची व्हर्जन हिस्टरी आणि स्वतःला केलेला तारीखवार ईमेल बरा. कल्पनेला मात्र संरक्षण नाही. भूत नुकसानभरपाई मागतं ही कल्पना उद्या कोणीही घेऊ शकतं, माझी वाक्यं घेऊ शकत नाही. आणि हेच उलट बाजूने: कमेंटीत कोणी भारी जोक सुचवला आणि तुम्हाला तो घ्यायचा असेल तर विचारा, लेखी हो घ्या, आभारात नाव घाला.

दुरुस्ती कोणत्या क्रमाने

फेरी चालू असताना एकही शब्द बदलू नका, नाहीतर भाग दोन वाचणारा आणि भाग दहा वाचणारा वेगळी पुस्तकं वाचत असतात. फेरी संपली की डॉक्सच्या व्हर्जनला नाव द्या, "फेरी १ नंतर, हात न लावलेली", आणि मग बसा. आधी जगाचे नियम, मग कथा, मग जोक, सगळ्यात शेवटी शुद्धलेखन.

नियम आधी का, तर फॅंटसीवाल्या वाचकाचं एक प्रश्नचिन्ह. भाग तीनमधे मी लिहिलं होतं की मुंजा आपल्या पिंपळापासून लांब जाऊ शकत नाही. भाग अकरामधे तो एसटीने रत्नागिरीला सुनावणीला जातो. मला दिसलंच नव्हतं. तीन रात्री डोकं धरून बसले, नियम काढला तर पिंपळ तोडल्याचं दुःख उरत नाही, सुनावणी काढली तर कादंबरीच उरत नाही. मग झालं असं की तोडलेल्या पिंपळाच्या बुंध्याला फूट आलेली असते, मुंजा ते रोप डालड्याच्या डब्यात लावतो आणि मांडीवर घेऊन खिडकीशी बसतो. कंडक्टर येतो. हडळ महिला सन्मान योजनेत निम्मं तिकीट मागते, ते मिळतं. चकव्याला कुठे उतरणार विचारलं तर सांगता येत नाही. आणि मुंजा दिसतच नाही म्हणून कंडक्टर डब्याकडे बघतो, जरा विचार करतो, आणि रोपाचं हाफ तिकीट फाडतो.

झाकून ठेवलेल्या सहांना हा भाग मागच्या महिन्यात पाठवला. हाफ तिकिटाला सहाच्या सहा "ह". चकव्याला फक्त दोन, तो आता कापायचाय, जिवावर आलंय.